पाठपोट

"दर्शनी बाजू कुठली, बाई?" फ्रेमवाल्याने विचारलं. हा प्रश्न तो दर वेळी विचारतो आणि दर वेळी मी बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत "बाईची" म्हणते. म्हणजे जाहिरातीतल्या बाईची. मग तो मागच्या बाजूला गोंद फासतो, पुठ्ठ्यावर कागद दाबतो, आणि आठवड्याने मी काचेतली बाई घरी नेते. अशा सात झाल्या. पण त्या दिवशी बाळाने हात घालून कागद ओढला, तो काउंटरवर उलटा पडला, आणि फ्रेमवाल्याने ब्रश गोंदाच्या डब्यात बुडवून वर धरला. ब्रशच्या टोकाला थेंब लोंबत होता. मी त्या थेंबाकडे बघत होते, कारण तो कागदावर पडेल अशी भीती वाटत होती, आणि थेंबाच्या बरोबर खाली जी ओळ होती ती मी वाचली. मग तिच्यावरची वाचली. मग म्हणाले, "थांबा." एवढ्या मोठ्याने म्हणाले की बाळ दचकलं. फ्रेमवाल्याने ब्रश मागे घेतला आणि थेंब त्याच्या स्वतःच्या बुटावर पडला.

सात महिन्यांच्या मुलीच्या आईचं डोकं कसं असतं ते मला कुणाला समजावून सांगता येत नाही, म्हणून मी सांगत नाही. ते एका जागी राहत नाही. गॅस बंद केला का, खिडकीला कडी लावली का, बाळाच्या मुठीत काय आहे, ते बटण आहे का, बटण कुणाच्या शर्टाचं, बाकीची बटणं जागेवर आहेत का. माझं कामही तसलंच. औषधांच्या डबीत घडी घालून जो बारीक अक्षरांचा कागद असतो, जो कुणी वाचत नाही, तो मी छापायच्या आधी वाचते. क्वचित मळमळ, क्वचित भ्रम, क्वचित अंगावर पुरळ. दिवसभर क्वचित वाचून घरी यायचं आणि ते सगळं आपल्याच घरात होणार अशी खात्री बाळगून बसायचं. नवरा म्हणतो, "तू जन्माला आलीस तेव्हा तुझ्याबरोबर पण तो कागद होता का गं?" तो चांगला आहे. तो रात्री घोरतो आणि सकाळी ताजा उठतो, एवढाच त्याचा गुन्हा.

त्या जाहिराती मी गरोदरपणाच्या सातव्या महिन्यापासून घ्यायला लागले. ऑफिसच्या वाटेवर एक तळमजल्याची खोली आहे, तिथे एक म्हातारे गृहस्थ जुन्या मासिकांतल्या मूळ जाहिराती विकतात. छायाप्रती नव्हेत, खरी पानं. पिवळी पडलेली, टाचणीच्या जागी गंजाचे दोन ठिपके असलेली. आम्ही सगळे त्यांना बाइंडर म्हणतो, कारण आयुष्यभर त्यांनी एका छापखान्यात बांधणी केली. चाळीस वर्षं अंक टाचले, आणि आता त्याच बोटांनी टाचण्या उपसतात, घडीवर पातं फिरवतात आणि पानं सुटी करतात. त्यांच्याकडे पुठ्ठ्याची खोकी आहेत: साबण, पंखे, रेडिओ, शाई, डोकेदुखी. गिऱ्हाइकांनाही ते तशीच नावं देतात. एक रेडिओवाले साहेब आहेत, एक डोकेदुखीवाले प्राध्यापक आहेत. मी बाळवाल्या बाई. मी फक्त बाळांच्या जाहिराती घेते: पावडर, दुधाचे डबे, पोटदुखीचं औषध, लोकरीचे मोजे. त्यांतल्या बायका मला आधी बघवायच्या नाहीत आणि नंतर बघितल्याशिवाय राहवेना. केस विंचरलेले, गळ्याशी कडक कॉलर, मांडीवर गोल गरगरीत मूल, आणि डोळ्यांखाली काही म्हणजे काही नाही. दुपारी दूध पाजताना मी त्या डोळ्यांखालच्या जागा बघत बसते. छापणाऱ्याने तिथे गुलाबी ठिपके दिलेत, भिंग लावलं तर मोजता येतील इतके सुटे. नवरा त्यांना माझ्या नणंदा म्हणतो. "आज कुठली नणंद आली? नाक उडवतेय बघ तुझ्या स्वयंपाकघराकडे बघून." त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून मला खरी नणंद नाही, म्हणून मी स्वतःच विकत आणून भिंतीवर टांगते असं तो पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात. मीही हसते. नंतर पाहुणे गेल्यावर त्या सातजणी आणि मी.

तर त्या आठवीच्या पाठीवर हे होतं. मासिकात 'आईचे प्रश्न' असं एक सदर असावं, दोन रकान्यांचं. शेवटच्या रकान्यात खाली छापलं होतं: माझी मुलगी सात महिन्यांची आहे. शिवणयंत्र चालू असेल तरच ती झोपते, थांबले की जागी होते. त्यामुळे शिवायला काही नसले तरी मी दोरा न ओवता, कापड न घालता नुसते यंत्र चालवीत बसते. तिच्या डाव्या कानापुढे टाचणीच्या टोकाएवढे जन्मजात छिद्र आहे, त्याचा याच्याशी काही संबंध असेल का? घरचे म्हणतात मी फार विचार करते. कधी कधी मनात येते की यंत्र थांबवावे आणि ती रडत असतानाच दाराबाहेर पडावे. असे मनात येणारी आई वाईट असते का? खाली 'एक वाचक'. त्याच्या खाली, ठळक अक्षरांत, 'उत्तर'. आणि मग, 'प्रिय भगिनी, तुमच्या'. तिथे पान संपत होतं.

माझ्या डाव्या कानापुढे तसं छिद्र आहे. केसांची बट पुढे घेतली की दिसत नाही. फ्रेमवाल्यासमोर उभी असताना माझं बोट तिथे गेलं होतं हे मला त्याच्या नजरेवरून कळलं. "डास चावला का?" त्याने विचारलं. मी कागद उचलला, पिशवीत घातला, "परत येते" म्हणाले. तो म्हणाला, "ही बाजू चांगली नाही दिसायची बाई, नुसतीच अक्षरं."

आमच्या घरात शिवणयंत्राची गोष्ट विनोदी गोष्ट आहे. मी ती माझ्या लग्नातसुद्धा ऐकली, आत्या सगळ्यांना सांगत होती. ही बया मशीनच्या आवाजाशिवाय झोपायची नाही, म्हणून हिच्या आईने अख्ख्या इमारतीचे पडदे शिवले, पडदे संपले तेव्हा उशा, उशा संपल्या तेव्हा शेजारच्या कुत्र्याला कोट. कोटाशी सगळे हसायचे. आईही हसायची, आणि हसताना तिचा उजवा पाय खाली-वर, खाली-वर व्हायचा. तो पाय तिचा नेहमीच हलतो. जेवताना, फोनवर बोलताना, बसमध्ये. लहानपणी तिच्या शेजारी बसलं की बाक थरथरायचा. बाबा म्हणायचे, "गाडी कुठल्या गावाला निघाली?" यंत्र विकून पंचवीस वर्षं झाली, गाडी अजून चालू आहे. पण पडद्यांचं खोटं होतं तर. दोरा न ओवता, कापड न घालता. मी बसमध्ये बसून ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होते आणि मला त्या सुईचं वाईट वाटत होतं, नुसती हवेत वर-खाली होणाऱ्या, आणि मग त्या सुईसमोर बसलेल्या बाईचं वाटायला लागलं. ती माझ्यापेक्षा लहान होती तेव्हा. सव्वीस. बाबा फिरतीवर. तिने कुठल्यातरी दुपारी कागद घेतला, तोही बहुतेक मशीनच्या फळीवरच ठेवून लिहिला असणार, पाय चालू ठेवून. अक्षर हललं असेल.

आणि उत्तर? मला उत्तर हवं होतं. हे मी स्वतःलाही दोन दिवस नीट सांगितलं नाही. कारण तिच्या फक्त मनात येत होतं, आणि मी गेले होते.

बाळ चार महिन्यांचं होतं. दुपारचे तीन वाजून वीस मिनिटं. एकपासून ते रडत होतं, दूध नको, कडेवर नको, खाली नको. शेवटी शेवटी तो आवाज तिच्या तोंडातून येतोय असं वाटेना, तो भिंतींमधून यायला लागला होता. मी तिला कठड्याच्या पलंगात ठेवलं, कठडा वर ओढला, खटका लागल्याचा आवाज ऐकला. चपला घातल्या. खुंटीवरची किल्ली घेतली. दार ओढलं आणि तीन मजले उतरून रस्ता ओलांडून औषधांच्या दुकानात गेले. तिथे वजनाच्या काट्याशेजारी दातांचं चित्र टांगलंय, ते मी सगळं वाचलं. दुकानदार म्हणाला, "काय देऊ ताई?" मी म्हणाले, "काही नाही, बघतेय." दात बघतेय! त्याने बिचाऱ्याने मान डोलावली. वर आले तेव्हा तीन एकतीस झाले होते. ती झोपली नव्हती. रडतही नव्हती. मूठ तोंडात घालून दाराकडे बघत होती आणि मधूनच उचकी देत होती. मी कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो "अगं होतं असं" म्हणाला असता, आणि तेच मला चाललं नसतं. भान गेलं असतं तर गोष्ट वेगळी होती, क्वचित भ्रम, असं मला स्वतःपुरतं छापता आलं असतं. पण मी किल्ली घेतली होती. जी बाई किल्ली घेते ती पूर्ण भानावर असते. त्या दिवसापासून मी घरात सगळ्या गोष्टी दोनदा तपासते, आणि बाळ माझ्याकडे एकटक बघायला लागलं की मला वाटतं, हिला तारीख-वार आठवतंय.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. सुटल्यावर मी बाइंडरच्या खोलीत गेले. बाळ घरी आईपाशी होतं. मी पुन्हा कामावर जायला लागल्यापासून आई आमच्याकडे राहायला आली आहे. बाइंडर चष्मा कपाळावर ठेवून एका अंकाच्या टाचण्या उपसत होते. बोथट पातं टाचणीखाली सरकवायचं, एक झटका, मग दुसरा. काढलेल्या टाचण्या ते बशीत ठेवतात, फेकत नाहीत.

"या बाळवाल्या बाई. मोजे आलेत. लोकरीचे, रंगीत पान."

"मला याच्या पुढचं पान हवंय." मी आठवी त्यांच्यापुढे ठेवली, पालथी. "हे पंचेचाळीस-शेहेचाळीस. मला सत्तेचाळीस हवं."

त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. वाचलं नाही, फक्त पानाचा आकडा बघितला. "सत्तेचाळिसावर काय होतं? जाहिरात होती?"

"नाही. मजकूर."

"मग कशाला हवंय?"

"वाचायला."

ते हसले. "पंधरा वर्षं हा धंदा करतोय, वाचायला पान मागणाऱ्या तुम्ही पहिल्या. अहो, मजकुराला गिऱ्हाईक नाही. कथा, कविता, पाककृती, सल्ले, कुणी घेत नाही. अंक मोडला की जाहिराती खोक्यात आणि मजकूर इथे." इथे म्हणजे त्यांच्या खुर्चीखाली. तिथे गठ्ठा होता, मी दर वेळी बघितलेला. "यातच गुंडाळून देतो ना तुम्हाला. मऊ असतो, शाई लागत नाही. ज्या अंकातली जाहिरात त्याच अंकातला मजकूर, एका वयाचा कागद एकमेकाला खात नाही. नवा कागद जुन्याला पिवळा करतो." मग थांबून म्हणाले, "म्हणजे तुमचं पान तुमच्याच घरी आलेलं असणार. दोन-तीन पानांत गुंडाळली होती मी ही डब्याची बाई. टाकली असतील तुम्ही."

आठ वेळा मी गुंडाळलेला कागद सोडला होता. आठ वेळा त्याचं काय केलं? आणि त्या सातजणींच्या पाठीवर काय होतं? पुठ्ठ्याला चिकटलेलं, आता कुणाला न दिसणारं. मी म्हटलं, "तुम्ही हे वाचता का कधी? मोडताना?"

"बांधायचो तेव्हा वाचायचो," बाइंडर म्हणाले. "मोडताना नाही वाचत. मोडताना वाचायला लागलो तर हात चालायचा नाही." त्यांनी मोज्यांची जाहिरात पुढे सरकवली. मी घेतली नाही. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते दारापर्यंत आले.

जिना चढताना आठवलं. आईला कागद टाकवत नाही. येताना ती पिशवीत पिशव्या घेऊन येते. मागच्याच आठवड्यात तिने बाळाचं कपाट बाहेर काढलं होतं, कप्पे पुसले होते आणि मला म्हणाली होती, "जुना कागद आहे का गं घरात?" मी बहुधा स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं असेल. मी तेव्हा झोपेत चालत होते.

घरात शांत होतं. बाळ सतरंजीवर पालथं झोपलं होतं, गाल दाबला जाऊन ओठांचा चंबू झाला होता. आई त्याच्याशेजारी खुर्चीवर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचा पाय चालू होता. मी चप्पल काढून सरळ आत गेले, खालचा कप्पा उघडला, झबली, टोपडी, मोजे एका हाताने उचलून पलंगावर ठेवले. तळाला कागद होता, कडा कप्प्याच्या मापाने दुमडून, कोपरे कापून बसवलेला. आई कप्पासुद्धा शिवल्यासारखा करते. वर एक पाककृतीचं पान, त्याखाली कादंबरीचा तुकडा, आणि अगदी खाली, लाकडाला लागून, सत्तेचाळीस. मी उभ्या उभ्या वाचलं. 'पत्रावरून तुमची प्रकृती अशक्त दिसते. रक्तवर्धक औषध घ्यावे. कानापुढील छिद्र निरुपद्रवी असते, काळजी नसावी. मूल यंत्राजवळ निजवू नये, सुईपासून धोका संभवतो. मन रिकामे ठेवू नये. शिवण, भरतकाम अशा एखाद्या छंदात रमावे.' त्याखाली पुढचा प्रश्न, केस गळतात, काय करू.

मी पुन्हा वाचलं. कामाची सवय, एखादी ओळ सुटली असेल म्हणून. सुटली नव्हती. शेवटच्या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

"सापडलं का?" आई दारात उभी होती, हातात अर्धवट घडी घातलेलं दुपटं.

"तुला माहीत होतं?"

"तीन आठवडे वाट बघितली होती मी त्या अंकाची. पान बघून ओळखणार नाही होय?" तिने दुपट्याची घडी पुरी केली. "तुझ्या स्वयंपाकघरात बघितलं तर हे. म्हटलं बरं झालं, तळाला घालू. तू त्याच्या अलीकडचं पान आणलंयस हे नव्हतं ठाऊक."

"फ्रेम करत होते. दुधाच्या डब्याची जाहिरात आहे."

"तो डबा आणला होता आपण. तू थुंकायचीस."

मला हसू आलं आणि ते नीट बाहेर आलं नाही. आई पलंगावर बसली. बसल्यावर पाय हलेल म्हणून मी बघत राहिले, पण तो जमिनीवर सपाट टेकला होता. मी त्याला तसा कधी बघितला नव्हता.

"शिवण करा म्हणे," आई म्हणाली. "मी वाचलं आणि एकटीच एवढी हसले की शेजारीण आली बघायला."

"आणि तू लिहिलंस ते? दाराबाहेर पडावंसं वाटतं?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. कप्प्याचा कोपरा जरा उचकटला होता, तो ती अंगठ्याने दाबत होती. "मनात येतं असं लिहिलं मी," ती म्हणाली. "पत्र टाकलं त्याच्या आधल्या आठवड्यात गेले होते. तसं कसं लिहायचं छापायला? कोपऱ्यावर दिव्याचा खांब होता, तिथवर. तुझा आवाज ऐकू येईनासा झाला तिथे थांबले. किती वेळ कुणास ठाऊक. आणि सांगू का, जाण्याआधी मी मशीनवर झाकण घातलं. धूळ बसू नये म्हणून. तू ओरडतेयस आणि मी झाकण नीट बसलं का ते बघतेय. ते झाकण मला कितीतरी वर्षं..."

बाहेर बाळाने कूस बदलल्याचा आवाज झाला. आम्ही दोघी थांबलो, दोघींनी एकाच बाजूला मान वळवली. पुन्हा शांत झालं. खालून रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची टिकटिक येत होती. मला वाटलं आता ती उठेल, चहा ठेवेल, आणि हे परत कपाटाच्या तळाला जाईल, झबल्यांखाली, आणखी तीस वर्षं. मला फार दमायला झालं होतं. इतकं की खोटं धरून ठेवायलाही हात उचलेना.

"तू कुठवर गेलीस?" आईने विचारलं.

जेवलीस का, या आवाजात विचारलं. मी तिच्याकडे बघितलं. तिने पुढचं झबलं मांडीवर घेतलं होतं, बाह्या जुळवत होती.

"औषधांच्या दुकानापर्यंत," मी म्हणाले. "आई, मी किल्ली घेतली होती."

"हं," आई म्हणाली. बाहीला बाही लागली, झबलं दुमडलं, कप्प्यात गेलं, सत्तेचाळिसाव्या पानावर. मग दुसरं. तिसरं तिने माझ्याकडे दिलं आणि मी घडी घालायला लागले. थोड्या वेळाने पलंग बारीक थरथरायला लागला. तिचा पाय पुन्हा चालू झाला होता, आणि मी सरकून तिच्याजवळ बसले, लहानपणी बसायचे तशी, डावा कान तिच्या खांद्याला लावून.